खाडा कुणाचा?

(युवकांच्या एका अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला दिलेला विषय म्हणजे तुमच्यातल्याच कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न आहे. चिठ्ठीवर नाव नाही. प्रश्न असा: ‘घरातले सगळे आजारी असतील, तर मूल सांभाळायला येणाऱ्या बाईने त्या दिवशी कामावर यावं की नाही?’ आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘पगार तर आम्ही देतोच.’ ती खालची ओळ वाचली आणि मी आयोजकांना म्हटलं, मला हाच विषय द्या.

आता मी असं म्हणू शकले असते की, ज्यांची आई, खाला, फुफी किंवा दादी कधी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करायला, स्वयंपाकाला किंवा मूल सांभाळायला गेली आहे, त्यांनी हात वर करा. पण मी तसं म्हणणार नाही. हात वर होत नाहीत, हे मला माहीत आहे. कॉलेजात असताना एका सरांनी असंच विचारलं होतं. मीही हात वर केला नव्हता. अब्बा रिक्षा चालवतात, हे मी अभिमानाने सांगायचे. अम्मी काय करते, हे विचारलं की ‘घरीच असते’ म्हणायचे. घरीच असायची ती. फक्त ते घर दुसऱ्याचं होतं.

आणि आज माझ्या घरी माझा मुलगा सांभाळायला एक मावशी येतात. मी शाळेत शिकवते, नवरा आयटीत आहे, सासूबाई गावी. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी राहून आलेय. तुमच्यातले बरेच जण पुढच्या पाच-सात वर्षांत इकडून तिकडे जातील. म्हणून आत्ताच बोललेलं बरं.

अम्मीची गोष्ट आधी. १९९४ साल. आम्ही पुण्यात कॅम्पात राहायचो आणि अम्मी दोन बस बदलून कोथरूडला जायची. त्या घरात दोन मुलं होती, थोरला तीन वर्षांचा आणि धाकटी सात महिन्यांची. अम्मीचं त्या घरातलं नाव ‘आशा’ होतं. मालकीणबाईंना खरं नाव माहीत होतं. सासूबाईंना चालणार नाही म्हणून दोघींनी मिळून हे ठरवलं होतं. आज तुम्हाला हे ऐकून राग येईल, पण अम्मीला त्याचं फार काही वाटायचं नाही. ती म्हणायची, ‘नाव त्यांचं, पगार माझा.’

एका सोमवारी ती गेली तर थोरल्याच्या पाठीवर पुरळ. ‘उष्णतेचं आहे,’ असं तिला सांगितलं. अंगात ताप होता, मूल किरकिर करत होतं, कडेवरून उतरायला तयार नव्हतं. तिने दिवसभर त्याला कडेवर घेतलं, अंग पुसून दिलं, भात भरवला. दुसऱ्या दिवशीही तेच. बुधवारी फोडांत पाणी दिसलं आणि तिला कळलं की या कांजिण्या आहेत. लहानपणी तिला त्या झालेल्या नव्हत्या. मालकीणबाईंना रविवारीच माहीत होतं, डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. सांगितलं तर ही यायची नाही, आणि आपल्याला बँकेतून रजा मिळायची नाही, असा त्यांचा हिशेब.

दोन आठवड्यांनी अम्मीला ताप भरला. मोठ्या माणसाला कांजिण्या फार छळतात. लहान मूल आठवड्याभरात खेळायला लागतं, मोठं माणूस अंथरुणाला खिळतं, कधीकधी फुप्फुसालाही त्रास होतो. अम्मी उठते न उठते तोच आम्ही तिघं भावंडं, एकामागून एक. महिनाअखेरीस अब्बा कोथरूडला पगार आणायला गेले. सहाशे रुपये पगार होता. त्यातून सगळ्या दिवसांचा खाडा कापून जे उरलं ते हातात मिळालं, आणि सोबत निरोप: आम्ही दुसरी बाई ठेवली आहे, तब्येतीला जपा.

मालकीणबाई वाईट होत्या का? नव्हत्या. ईदला अम्मीला साडी द्यायच्या. माझ्या पहिलीपासूनच्या वह्या त्यांच्या घरून यायच्या. मी शिकले त्यात त्यांचाही वाटा आहे, हे मी नाकारत नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगतेय. वाईट माणसाने असं केलं असतं तर त्यावर भाषण करायची गरज नव्हती.

‘खाडा’ हा शब्द नीट ऐका. कामावर न येणं म्हणजे खाडा, आणि त्याचे पैसे कापणं हाही खाडाच. दोन्हीला एकच शब्द. घरकाम करणाऱ्या बायांच्या आयुष्यात या दोन गोष्टी इतक्या चिकटलेल्या आहेत की भाषेनेही त्या वेगळ्या केल्या नाहीत. मालकाचं आजारपण ही ‘अडचण’ असते, तेव्हा तिने यायचं. तिचं आजारपण हा ‘खाडा’ असतो, तेव्हा पैसे कापायचे. आणि मालकाच्या अडचणीतून तिला खाडा झाला, तर तोही तिचाच.

ही तक्रार नवी नाही. पुण्यात १९८० साली घरकामगार बायांनी संप केला होता. त्याला निमित्त काय झालं? आजारपणामुळे काही दिवस येऊ न शकलेल्या एका बाईला मालकांनी काढून टाकलं. बातमी घरोघरी कामाला जाणाऱ्या बायांत पसरली आणि त्यांनी काम थांबवलं. कुठल्या पक्षाने हाक दिली नव्हती, कुणी पुढारी सांगायला आला नव्हता. पुढे त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी, बोनस या मागण्या झाल्याच, पण ठिणगी आजारपणाच्या खाड्याची होती. पुण्यात राहणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? मला बी.एड. होईपर्यंत माहीत नव्हतं.

आता माझी बाजू. ही सांगायला जड जाते.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या घरी फ्लू आला. आधी नवरा, मग मी. मुलगा दीड वर्षाचा, त्यालाही ताप, पण कमी. मला उठून दूध गरम करायची ताकद नव्हती. मावशींचा सकाळी फोन आला, ‘ताई, येऊ ना?’ आणि मी म्हणाले, ‘या ना मावशी, थोडी सर्दी आहे आम्हाला.’ थोडी सर्दी! नवऱ्याचा ताप १०३ होता. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, मी घाबरवत नाहीये.

त्या आल्या. पाच दिवस आल्या. मुलगा त्यांच्या तोंडावर शिंकला, त्यांच्या खांद्यावर नाक पुसत झोपला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सासऱ्यांना ताप आला. म्हाताऱ्यांना जुना दमा. सहा दिवस सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. ते वाचले. आमच्याच घरातून ते गेलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. गावभर फ्लू होता. मावशी तर एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी पाच हजार रुपये दिले. त्यांनी घेतले, आणि पुढच्या महिन्यात म्हणाल्या, ‘ताई, उचल कापून घ्या, महिन्याला पाचशे कापलेत तरी चालेल.’

मी ते औषधपाण्याला म्हणून दिले होते, त्यांनी ते उचल म्हणून घेतले होते. आजारपणात मालक उचल देतो आणि मग ती फेडायची असते, एवढंच त्यांना आजवर दिसलं होतं. दुसरं काही असू शकतं, हे त्यांच्या मनातही नव्हतं.

मी शाळेत शिकवते. वर्गात एखाद्या मुलाला कांजिण्या दिसल्या, डोळे आलेले दिसले, की मी त्याच दिवशी पालकांना फोन करते: घेऊन जा, खपल्या धरेपर्यंत पाठवू नका. शाळेचा नियमच आहे. पण ते मूल घरी जातं म्हणजे कुणाकडे जातं? आई-वडील कामावर गेलेले. ते जातं मावशीकडे. म्हणजे चाळीस मुलांपासून आणि एका शिक्षिकेपासून ज्याला दूर ठेवायचं, त्याला आपण एका बाईच्या कडेवर देतो, आणि तिला सांगतही नाही. माझ्या स्वतःच्या नोकरीतला नियम मी माझ्या घरात विसरले.

तेव्हा चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे येते. ‘तिने यावं का?’ प्रश्नाची मांडणीच अशी आहे की ठरवायचं तिने, जबाबदारी तिची. आली तर तिची हौस, नाही आली तर तिचा खाडा. माझं म्हणणं असं आहे की, आजार ज्या घरात आहे त्या घराने आधी बोलायचं. तिने दार वाजवायच्या आधी, बसमध्ये चढायच्या आधी.

आपल्याकडे हदीसमधली मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी देण्याची गोष्ट प्रत्येक सभेत सांगितली जाते. मीही सांगते, टाळ्या मिळतात. पण या प्रश्नासाठी मला दुसरी एक हदीस जास्त जवळची वाटते, ती उंटांची. ज्याचे उंट आजारी आहेत, त्याने ते निरोगी उंटांजवळ नेऊ नयेत, असा तिचा आशय आहे. बारकाईने बघा, तिथे निरोगी उंटांच्या मालकाला पळून जा असं सांगितलेलं नाही. बंधन आहे ते ज्याच्याकडे आजार आहे त्याच्यावर. दीनचं मला फार कळतं असं नाही, जाणकार मंडळी इथे बसली आहेत. पण एवढं तरी कुठल्याही शहाण्या गुराख्यालाही कळतं.

२०२० साली आपण नेमकं उलटं केलं. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण परदेशातून परतलेले होते, आणि त्यांच्यापाठोपाठ जे बाधित सापडले त्यांत त्यांना मुंबईहून घेऊन येणारा टॅक्सीचालकही होता. म्हणजे आजार विमानातून उतरला, गाडीत बसला आणि चालकाला लागला. तरी महिन्याभरात सोसायट्यांच्या गेटवर पाट्या लागल्या त्या कामवाल्या बायांना आत येऊ नका सांगणाऱ्या. आपल्या लोकांचे तर दुहेरी हाल झाले. भाजीवाल्याला आधी नाव विचारलं जात होतं. ज्या बाया ‘आशा’ नावाने कामाला जात होत्या, त्यांनी त्या काळात काय केलं असेल, याचा विचार करा. आजार नेहमी ‘त्यांच्याकडून’ येतो, ही समजूत एकदा डोक्यात बसली की आपल्या घरातला ताप ‘थोडी सर्दी’ होतो आणि तिचा खोकला संकट होतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे घरात कुणी शिंकलं की बाईला सुट्टी? नाही. आजार-आजारात फरक आहे. आणि मूल सांभाळणाऱ्या बाईचं काम वेगळं आहे, तेही लक्षात ठेवा. झाडू-पोछा करणारी बाई आजारी माणसाची खोली टाळू शकते. स्वयंपाकवाली तोंड बांधून ओट्यापाशी उभी राहू शकते. मूल सांभाळणारी मुलाला टाळू शकत नाही. मूल तिच्या तोंडात बोट घालतं, आपल्या ताटातला घास तिला भरवतं. ते अंतर नसणं हेच तिचं काम आहे.

घरात डेंग्यू किंवा मलेरिया असेल तर तो माणसाच्या जवळ बसल्याने लागत नाही, डासाने लागतो. आजारी माणसाला मच्छरदाणीत ठेवा, कूलरच्या टाकीतलं आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओता, आणि तिला येऊ द्या. कामाला येण्यात काही धोका नाही, उलट त्या दिवसांत तिची खरी गरज असते. फ्लूचं तसं नाही. औषध न घेता चोवीस तास ताप उतरलेला राहिला पाहिजे, तोवर तिला दूर ठेवलेलं बरं. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर थांबल्यावर आणखी दोन दिवस. आणि तिथे बाटलीतलं सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. लंगोट बदलणारे हात तिचे आहेत. डोळे येण्याची साथ २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत किती पसरली होती ते आठवत असेल. डोळ्यात नुसतं बघितल्याने ती लागत नाही, हाताने आणि टॉवेलने लागते, आणि लहान मूल दिवसभर डोळे चोळून तोच हात सांभाळणारीच्या गालाला लावतं.

कांजिण्या आणि गोवर यांचं गणित आणखी वेगळं. दोन्ही पुरळ दिसायच्या आधीपासून पसरतात. गोवर तर चार दिवस आधीपासून, आणि त्याचे विषाणू आजारी मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. म्हणजे पुरळ दिसल्यावर सांगितलं तरी थोडा उशीर झालेलाच असतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा गोवंडीचं नाव रोज बातम्यांत होतं. गोवंडीतून चेंबूरला, घाटकोपरला किती बाया मुलं सांभाळायला जातात, ते तिथल्या पोरांना विचारा. त्यांच्या घरातली बाळं लशीच्या वयाचीही नसतात कधीकधी. म्हणून या दोन आजारांत तिला पहिला प्रश्न विचारायचा: तुम्हाला हे होऊन गेलंय का, किंवा लस झालीय का? होऊन गेलं असेल तर तिला धोका जवळजवळ नाही, ती खुशाल येऊ शकते. नसेल, किंवा ती गरोदर असेल, तर घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही. रुबेला असेल तर पोटातल्या बाळाला आयुष्यभराचं अपंगत्व येऊ शकतं. किती घरांत मालकीण तिला विचारते, तुझे दिवस गेलेत का? आणि विचारलं तरी काम जाईल या भीतीने ती खरं सांगेल का?

टीबीबद्दल एकच वाक्य: औषधं नीट सुरू झाली की संसर्गाचा धोका काही आठवड्यांत उतरतो, लपवून ठेवली तर उतरत नाही, आणि आपल्या घरांत मुलीच्या लग्नासाठी ती लपवली जातात.

आता चिठ्ठीतल्या बहिणीचा, किंवा भावाचा, खरा मुद्दा. दोघं आई-वडील तापाने फणफणलेत आणि मूल एक वर्षाचं आहे. नेमकं तेव्हाच तिची गरज असते. हे खरं आहे. मी त्या अंथरुणात पडलेय, मला माहीत आहे. अशा वेळी मला कुणी ‘तिला बोलवू नकोस’ असं सांगितलं असतं तर मी रडले असते.

एका कार्यक्रमात मी हा मुद्दा मांडला तेव्हा एका बुजुर्गांनी सावित्रीबाईंचं उदाहरण दिलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सेवा म्हणजे अशी, असं ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, चाचा, सावित्रीबाई गेल्या त्या काय आहे हे ओळखून गेल्या. प्लेग आहे हे त्यांना कुणी लपवून ठेवलं नव्हतं. नाही गेल्या असत्या तर महिनाअखेरीस कुणी त्यांचे पैसे कापणार नव्हतं. आपण स्वतः सावित्रीबाई व्हायचं की नाही ते आपण ठरवावं. दुसऱ्या बाईला, बारा हजारांत, न सांगता सावित्रीबाई करायचा हक्क आपल्याला नाही.

सावित्रीबाईंचंच एक पत्र आहे, १० ऑक्टोबर १८५६ चं. त्या आजारपणासाठी माहेरी गेल्या होत्या आणि जोतिबांना लिहिताना फातिमाची आठवण काढतात. तिला आपल्यामागे त्रास पडत असणार, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं. आपण ते पत्र अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. मला त्यात दुसरंही काही दिसतं. आजारी बाईला अंथरुणावर पडल्या पडल्या दुसरीवर पडलेल्या ओझ्याची आठवण राहिली आणि तिने ती लिहून ठेवली. आपल्या मावशी, खाला, आपाही कुरकुर करत नाहीत. त्यांचा त्रास लिहून ठेवणारं मात्र कुणी नाही.

तर अशा वेळी काय करायचं? आधी नातेवाईक, शेजारी, मित्र यांना विचारायचं. आपण मोहल्ल्यात वाढलोय. शादीला दोनशे माणसं जमवतो, दोन दिवस एक मूल सांभाळायला माणूस मिळत नाही? तरी मिळालं नाही तर मावशींना फोन करायचा आणि सगळं सांगायचं. ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, कोणाकोणाला आहे. आणि त्याच वाक्यात हेही सांगायचं की, नाही आलात तरी पगार कापणार नाही. हे दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर पहिल्या वाक्याला काही अर्थ नाही, कारण मग ती ‘येते’ म्हणाली तरी ते भीतीने म्हणाली की मनाने, हे तुम्हाला कधी कळणार नाही. सगळं ऐकूनही ती आली, तर मास्क तुम्ही आणून ठेवायचा, तिने नाही. खिडक्या उघड्या. आजारी मोठी माणसं एका खोलीत, मूल आणि ती दुसऱ्या. त्या दिवसांचे जादा पैसे. आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात तिला किंवा तिच्या घरच्यांना तेच झालं, तर सुट्टी भरपगारी आणि औषधाचा खर्च तुमचा. उचल म्हणून नाही.

ज्या चोवीस तास घरात राहतात, त्यांचं मी काय सांगू. झारखंडहून, बंगालहून आलेल्या मुली. त्यांना ‘येऊ नका’ म्हणण्याची सोयच नाही. त्यांच्यासाठी वेगळी खोली नसते, हॉलमध्ये गादी असते. त्यांना निदान पहिल्या दिवशी सांगा आणि त्यांच्या घरी फोन करू द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तो आहेच थोडा. कारखान्यातल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ई.एस.आय., असतो, आजारी पडला तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. ही सोय १९४८ च्या कायद्याने आली. कुणाच्या घरी काम करणाऱ्या बाईला तो लागू नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, १८ ते ६० वयाच्या बाया त्यात नोंदणी करू शकतात. २०२१ च्या निर्बंधांच्या काळात सरकारने नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले, तेव्हा अनेकींना कळलं की अशी काही नोंदणी असते. त्या अर्जाला मालकाचा दाखला लागतो, आणि मालक दाखला द्यायला घाबरतात. जागतिक पातळीवर २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार झाला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि अजून तो मान्य करून लागू केलेला नाही. म्हणजे तिच्या आजारपणाचा कायदा आज तरी तुमच्या स्वयंपाकघरात, पहिल्या दिवशी, तोंडी ठरतो. तो नीट ठरवा. वर्षाला इतक्या आजारपणाच्या सुट्ट्या, खाडा नाही, आणि आमच्याकडे साथीचा आजार असेल त्या दिवसांचा तर नाहीच. बारा हजार पगार आणि महिन्याला २६ दिवस धरले तर एक दिवस साधारण ४६० रुपयांचा होतो. पाच दिवस म्हणजे २३०० रुपये. मी हा हिशेब त्या हिवाळ्यात केला नव्हता.

यात तुमचाही फायदा आहे, तो वेगळा सांगायला नको. खाडा नसेल तर ती स्वतःच्या मुलाचा ताप तुमच्यापासून लपवणार नाही.

आणि ज्यांच्या घरात मावशी येत नाही, ज्यांची अम्मीच कुणाची तरी मावशी आहे, त्यांच्यासाठी एक काम. तिचा फोन तिच्याकडून घेऊ नका, पण तिच्या मालकिणीशी एकदा बोला. नम्रपणे. ‘मॅडम, घरात कुणी आजारी असेल तर आदल्या रात्री मला मेसेज कराल का, अम्मीला वाचता येत नाही.’ बस, एवढंच. मालकिणीला कळतं की या बाईच्या मागे विचारणारं कुणी आहे. माझ्या अम्मीच्या मागे नऊ वर्षांची मी होते, मला काय कळणार होतं. तुम्ही वीस-बावीसचे आहात, आणि तुम्ही ‘ती घरीच असते’ असं सांगत फिरताय.

इथे यायच्या आधी, परवा, मी अम्मीला विचारलं. आता ती थकलीय, माझ्याकडेच असते, मावशींशी तिची चांगली गट्टी आहे. म्हटलं, अम्मी, त्या रविवारी त्यांनी तुला खरं सांगितलं असतं, की मुलाला कांजिण्या आहेत, तर तू गेली असतीस का?

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, ‘जाती थी. वो बच्चा मेरे बगैर सोता नहीं था. पन तुम लोगां को मुमानी के घर छोडके जाती थी.’

आता प्रश्न विचारा. माइक मागे द्या, मागच्या रांगेत कुणीतरी केव्हाचा हात वर केलाय.